विश्लेषण : ‘युनिसेफ’चे आकडे येतात कुठून आणि पुढे त्यांचे होते काय?

जगात दरवर्षी किती मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावतात, किती मुलांची उंची कुपोषणामुळे खुंटते, किती जणांना एकही लस मिळत नाही, याचे आकडे बातम्यांत येतात तेव्हा शेवटी बहुतेकदा ‘युनिसेफ’चे नाव असते. सरकारे याच आकड्यांवर योजना आखतात, देणगीदार देश पैसे देतात आणि विरोधक सरकारला धारेवर धरतात. मात्र हे आकडे गोळा कोण करते, एखादी योजना यशस्वी झाली हे ठरवते कोण आणि निष्कर्ष गैरसोयीचा निघाला तर काय होते, याची चर्चा फारशी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या या बालसंस्थेच्या पुराव्यांचा गेल्या काही दशकांचा अनुभव काय सांगतो, त्याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

कारण मोजमापासाठीचा पैसा आटू लागला आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली. युनिसेफला सर्वाधिक निधी देणारा देश अमेरिकाच होता. २०२४ मध्ये युनिसेफकडे सुमारे ८.९ अब्ज डॉलर होते. २०२६ मध्ये त्यात किमान २० टक्के घट होईल, असा अंदाज संस्थेने २०२५ मध्येच वर्तवला.

त्याच सुमारास ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ म्हणजे ‘डीएचएस’ हा अमेरिकी निधीवर चालणारा कार्यक्रम थांबवण्यात आला. १९८४ पासून सुमारे ९० देशांत या कार्यक्रमाने घरोघरी जाऊन आरोग्याची माहिती गोळा केली होती. आपल्याकडील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा साचाही मुळात तोच. अनेक गरीब देशांत मुलांबद्दलची विश्वासार्ह माहिती देणारी दोनच मोठी सर्वेक्षणे होती. एक डीएचएस, दुसरे युनिसेफचे. पहिले अडखळल्याने दुसऱ्यावरचा भार वाढला आणि नेमकी त्याच वेळी युनिसेफची तिजोरीही आक्रसली. पैसे कमी पडले की लस आणि औषधे आधी, मोजणी नंतर, असा विचार होणे स्वाभाविक आहे. त्यामुळेच मोजणीचा उपयोग नेमका काय, हे समजून घेण्याची गरज आहे.

युनिसेफ पुरावे कसे गोळा करते?

ढोबळमानाने चार मार्गांनी. पहिला मार्ग सर्वेक्षणाचा. १९९० च्या जागतिक बालपरिषदेत देशांनी मुलांसाठी उद्दिष्टे ठरवली. ती कितपत गाठली गेली हे पाहण्यासाठी १९९५ च्या सुमारास ‘मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हे’ म्हणजे ‘मिक्स’ सुरू झाले. आजवर शंभराहून अधिक देशांत ते झाले आहे. प्रश्नावली, प्रशिक्षण आणि तांत्रिक साह्य युनिसेफचे असते. प्रत्यक्ष सर्वेक्षण बहुतेकदा त्या देशाचे सांख्यिकी खाते करते.

दुसरा मार्ग अंदाजांचा. अनेक देशांत जन्ममृत्यूची पूर्ण नोंद होत नाही. म्हणून युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग यांचा संयुक्त गट २००४ पासून उपलब्ध माहितीवरून बालमृत्यूंचे अंदाज काढतो. १९९० मध्ये पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी मुले दगावली होती. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे ४८ लाख होती. हा आकडा प्रत्यक्ष मोजणीचा नसून गणिती प्रारूपातून काढलेला असतो.

तिसरा मार्ग संशोधनाचा. त्यासाठी इटलीतील फ्लोरेन्स येथे १९८८ पासून ‘इनोचेंटी’ हे केंद्र आहे. चौथा मार्ग मूल्यमापनाचा. म्हणजे युनिसेफने स्वतः राबवलेल्या किंवा मदत केलेल्या योजनेचा उपयोग झाला का, याची तपासणी. एकूण कार्यक्रम खर्चाच्या किमान एक टक्का रक्कम मूल्यमापनावर खर्च व्हावी, असे संस्थेच्या २०१८ च्या धोरणात म्हटले आहे.

सर्वेक्षण आणि मूल्यमापन यांत फरक काय?

सर्वेक्षण ‘किती’ हे सांगते. मूल्यमापनाला ‘कशामुळे’ याचे उत्तर द्यायचे असते आणि ते कितीतरी अवघड असते. समजा, एका जिल्ह्यात योजना आली आणि पाच वर्षांत बालमृत्यू घटले. हे श्रेय योजनेचे की वाढलेल्या उत्पन्नाचे, मुलींच्या शिक्षणाचे, रस्त्यांचे, हे केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी योजना नसलेल्या तशाच दुसऱ्या जिल्ह्यात काय झाले, हेही पाहावे लागते. ही तुलना नसेल तर कोणतीही योजना यशस्वी दाखवता येते.

पश्चिम आफ्रिकेत तुलना केल्यावर काय आढळले?

याचे सर्वांत बोलके उदाहरण युनिसेफच्याच एका योजनेचे आहे. २००१ ते २००५ या काळात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील ११ देशांत कॅनडाच्या निधीतून बालमृत्यू वेगाने घटवण्याचा कार्यक्रम राबवण्यात आला. लसीकरण, ‘अ’ जीवनसत्त्व, औषध लावलेल्या मच्छरदाण्या, गर्भवतींची तपासणी, आजारी मुलांवर उपचार यांचा त्यात समावेश होता. लसीकरण आणि मच्छरदाण्यांचा वापर वाढत असल्याने सुरुवातीचे अंदाज उत्साहवर्धक होते.

युनिसेफने त्याचे मूल्यमापन अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांवर सोपवले. त्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. योजनेच्या जिल्ह्यांत बेनिनमध्ये बालमृत्यू १३ टक्के, घानात २० टक्के आणि मालीत २४ टक्के घटल्याचे आढळले. एवढेच आकडे पाहिले तर योजना यशस्वी. पण योजना नसलेल्या भागांत बेनिनमध्ये घट २५ टक्के आणि मालीत ३१ टक्के होती. घानासाठी तुलनेची माहितीच उपलब्ध नव्हती. म्हणजे बालमृत्यू घटले हे खरे, पण ते योजनेमुळे अधिक वेगाने घटले असे बेनिन आणि मालीत म्हणता आले नाही.

कारणही संशोधकांनी सांगितले. ज्या गोष्टी मोहीम काढून देता येतात, म्हणजे लस, मच्छरदाणी, जीवनसत्त्वाचा डोस, त्या पोहोचल्या. मात्र न्यूमोनिया आणि हिवतापावरचे उपचार वाढले नाहीत. नवजात बालकांचे मृत्यू आणि कुपोषण या दोन मोठ्या कारणांकडे लक्ष दिले गेले नाही. गावपातळीवरच्या आरोग्यसेवकाला औषध देण्याची मुभा असणे किती महत्त्वाचे, हे यातून पुढे आले. युनिसेफला हा निष्कर्ष सोयीचा नव्हता. पण तो दडवला गेला नाही, म्हणूनच इतर देशांना त्यातून शिकता आले.

महाराष्ट्राच्या आकड्यांचा धडा कोणता?

महाराष्ट्रात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. त्याला युनिसेफचे साह्य होते. २०१२ मध्ये राज्य सरकार आणि युनिसेफच्या पुढाकाराने मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राज्यव्यापी पोषण सर्वेक्षण केले. दोन वर्षांखालील बालकांत खुजेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे, प्रमाण २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून सुमारे २४ टक्क्यांवर आल्याचे त्यात दिसले. सहासात वर्षांत एवढी घट जगात क्वचितच झाली होती. युनिसेफच्या जागतिक अहवालातही महाराष्ट्राचे उदाहरण झळकले.

पुढे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील खुजेपणाचे प्रमाण ३४.४ टक्के आले. मग २४ खरे की ३४? उत्तर असे की दोन्ही आकडे वेगवेगळ्या वयांचे आहेत. पहिला दोन वर्षांखालील मुलांचा, दुसरा पाच वर्षांखालील मुलांचा. उंचीतली तूट पहिल्या दोन वर्षांत साचत जाते, त्यामुळे मोठ्या वयोगटात प्रमाण जास्त दिसते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘कुपोषण वाढले’ म्हणणे चूक, तसे ‘महाराष्ट्रात खुजेपणा २४ टक्केच’ म्हणणेही चूक.

एकाच मापाने मोजले तर चित्र स्पष्ट होते. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के होते. म्हणजे पहिल्या दशकातली घट खरी होती, पण नंतर ती थांबली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण तर २०१५-१६ मध्ये आणि २०१९-२१ मध्येही २५.६ टक्केच राहिले.

या घटीचे श्रेय मिशनचे किती? मिशन पुढे राज्यभर लागू झाल्याने तुलनेसाठी ‘मिशन नसलेला’ जिल्हा उरला नव्हता. ब्रिटनमधील ‘इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज’च्या संशोधकांनी कारणांचा शोध घेतला, तेव्हा कोणतेही एकच कारण हाती आले नाही. आईचे वय आणि शिक्षण, गर्भारपणातील तपासण्या, बाळाचा आहार, घरची आर्थिक स्थिती अशा अनेक बाबींतली सुधारणा एकत्र आली होती. घट नंतर का थांबली, हे शोधताना याच यादीकडे पुन्हा पाहावे लागेल.

न मोजल्याची किंमत किती असते?

मोजले नाही तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण बांगलादेशाचे. १९७० च्या दशकात तिथे तळ्यांतले आणि नद्यांतले दूषित पाणी पिऊन अतिसाराने हजारो मुले दगावत. युनिसेफ आणि सरकारने कूपनलिका खोदून त्यांवर हातपंप बसवण्याची मोहीम हाती घेतली. पुढे लोकांनी स्वतःच्या खर्चानेही लाखो पंप बसवले. भूजल जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित होते. आर्सेनिकची तपासणी मात्र झाली नाही; त्या काळी ती करण्याची पद्धतच नव्हती, असे युनिसेफचे म्हणणे होते.

शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकमुळे त्वचेवर चट्टे उठलेले रुग्ण १९८३ मध्येच कोलकात्यातील डॉक्टरांना आढळले होते. बांगलादेशात भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये निश्चित झाले. साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातील लेखात मांडण्यात आला आणि ही इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असल्याचे त्यात म्हटले होते. तोवर ‘सुरक्षित पाणी मिळणारी लोकसंख्या’ मोजताना पंप आहे की नाही एवढेच पाहिले जात होते. पंपातून काय येते, हे त्या मोजमापात नव्हतेच.

त्यानंतर चूक सुधारण्याचे कामही झाले. २००० नंतर युनिसेफच्या सहभागाने लाखो पंप तपासले गेले. सुरक्षित पंपाला हिरवा आणि आर्सेनिक असलेल्याला लाल रंग देण्यात आला. पुढे बांगलादेशातील ‘मिक्स’ सर्वेक्षणात घरातील पिण्याच्या पाण्याची आर्सेनिक चाचणी समाविष्ट झाली. २०१२-१३ मध्ये जंतूंची चाचणीही जोडली गेली आणि पाण्याच्या गुणवत्तेची चाचणी नंतर इतर अनेक देशांच्या सर्वेक्षणांतही आली. मात्र हे होईपर्यंत एक पिढी त्या पाण्यावर वाढली होती.

पुराव्यामुळे धोरण बदलल्याचे उदाहरण आहे का?

आहे. आफ्रिकेतील झांबियात २०१० मध्ये लहान मुले असलेल्या गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम देण्याची योजना सुरू झाली. ‘पैसे दारूत जातील’, ‘पैशांसाठी लोक जास्त मुले जन्माला घालतील’ असे आक्षेप तिथेही होते. आपल्याकडे रोख मदतीच्या योजनांवर होणारी चर्चा आठवली तर हे आक्षेप ओळखीचे वाटतील.

युनिसेफने स्वतंत्र संशोधन संस्थेकडून त्याचा अभ्यास करून घेतला. कोणत्या वस्त्यांना रक्कम आधी मिळेल आणि कोणत्या वस्त्या नंतरच्या टप्प्यात येतील, हे सोडतीने ठरले. त्यामुळे तुलना शक्य झाली. लाभार्थी कुटुंबांचे खाणे सुधारले, कोंबड्या आणि जनावरे वाढली, गरिबीची तीव्रता घटली. दारूवरचा खर्च किंवा जन्मदर वाढला नाही. २०१४ पासून झांबिया सरकारने स्वतःच्या अर्थसंकल्पातील तरतूद अनेक पटींनी वाढवून योजनेचा विस्तार केला.

मात्र याच अभ्यासात मुलांच्या खुजेपणावर एकंदरीत लक्षणीय परिणाम दिसला नाही. रोख रकमेने घरातले अन्न वाढते. पण स्वच्छ पाणी आणि आरोग्यसेवा नसेल तर उंची आपोआप वाढत नाही, असा त्याचा अर्थ. ‘योजना चांगली, पण या एका कामासाठी पुरेशी नाही’ असे उत्तर राजकीय भाषणात बसत नाही. धोरण ठरवणाऱ्यांना मात्र तेच हवे असते.

इथे पुरावा वापरला गेला त्याची कारणे साधी आहेत. अभ्यास योजना सुरू होतानाच ठरला होता, सरकार त्यात पहिल्यापासून सहभागी होते आणि निकाल विस्ताराचा निर्णय व्हायच्या आधी हाती आला. योजना संपल्यावर येणारा अहवाल कितीही उत्तम असला तरी त्याचा उपयोग मर्यादितच असतो.

स्वतःची परीक्षा स्वतःच घेतल्यासारखे नाही का?

ही शंका रास्त आहे. बहुतेक मूल्यमापने ज्या देशातील कार्यालयाने कार्यक्रम राबवला, तेच कार्यालय करून घेते. बाहेरच्या सल्लागाराला पैसेही तेच देते. पुढचे काम मिळावे म्हणून सल्लागाराने भाषा सौम्य ठेवण्याचा धोका त्यात असतो. यावर संस्थेने काही उपाय केले आहेत. मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध केले जातात, त्यांवर व्यवस्थापनाने लेखी उत्तर देणे अपेक्षित असते आणि २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या पद्धतीनुसार बाहेरचे परीक्षक प्रत्येक अहवालाच्या दर्जाची प्रतवारी करतात. हे स्वागतार्ह असले तरी अहवालाचा दर्जा आणि त्याचा वापर या वेगळ्या गोष्टी आहेत. शिफारस ‘स्वीकारली’ असे लिहिणे सोपे. त्यानुसार खर्चाची विभागणी बदलणे कठीण.

दुसरी अडचण सरकारांची. सर्वेक्षण देशाच्या मालकीचे असते, त्यामुळे ते कधी जाहीर करायचे हे सरकार ठरवते. भारतात २०१३-१४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने युनिसेफच्या मदतीने देशव्यापी बाल सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल बराच काळ बाहेर आला नाही. २०१५ च्या मध्यात आकडे आधी एका परदेशी साप्ताहिकात छापून आले. विशेष म्हणजे बातमी वाईट नव्हती. देशातील खुजेपणाचे प्रमाण २००५-०६ मधील ४८ टक्क्यांवरून ३८.७ टक्क्यांवर आले होते. सरकारच्या परवानगीने देशात काम करणारी संस्था अशा वेळी किती आग्रह धरू शकते, याला मर्यादा पडतात.

पुढे काय?

निधीकपातीच्या काळात कमी सर्वेक्षणे, मोठे खंड आणि त्यामुळे गणिती अंदाजांवर अधिक भिस्त, अशी शक्यता आहे. मोजणीच जुनी असेल तर अंदाजही जुन्याच परिस्थितीचा येतो. दुष्काळ, युद्ध किंवा साथीचा फटका मुलांना बसला तरी तो आकड्यांत वर्षानुवर्षे दिसणार नाही. मोबाइलवरच्या सरकारी नोंदी, आपल्याकडे अंगणवाड्यांसाठी असलेल्या ‘पोषण ट्रॅकर’सारख्या, ही पोकळी काही प्रमाणात भरून काढतील. पण त्या अंगणवाडीत येणाऱ्या मुलांच्या असतात. न येणाऱ्या मुलाची नोंद त्यात नसते आणि बहुधा सर्वाधिक गरज त्यालाच असते.

म्हणून यापुढे मुलांबद्दलचा कोणताही आकडा वाचताना चार प्रश्न विचारायला हवेत. तो प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाज? कोणत्या वयाच्या मुलांचा आणि कोणत्या वर्षाचा? यश सांगितले असेल तर तुलना कोणाशी केली? आणि त्या आकड्यानंतर कोणता निर्णय बदलला? बेनिन आणि मालीत तिसरा प्रश्न विचारला गेला म्हणून गावपातळीवरच्या उपचारांतली त्रुटी कळली. बांगलादेशात पंपातून काय येते हे विचारायला दोन दशके लागली. महाराष्ट्रात २०१५-१६ नंतर खुजेपणाची घट का थांबली, हा प्रश्न तर अजून उत्तराची वाट पाहत आहे.